दर्या आणि दऱ्या

पनवेलच्या एका अंगाला खाडी आहे आणि दुसऱ्या अंगाला डोंगर. माथेरानच्या उतारांवरून आलेली गाढी नदी शहराजवळून वाहत खाडीला मिळते. म्हणजे हे गाव खरोखरच दर्या आणि दऱ्या यांच्या मधे वसले आहे. मराठी बोलणारा कोणीही या दोन शब्दांत गफलत करत नाही. समुद्राला ‘दर्या’ म्हणताना जीभ र वर क्षणभर अडते, आधीच्या द वर जोर येतो आणि मग ‘या’ सुटतो. प्रबळगडाच्या दऱ्यांविषयी बोलताना र कुठेच अडत नाही. तो य ला बिलगून येतो आणि मागचा द हलकाच राहतो. छंदशास्त्राच्या हिशेबात पहिल्या शब्दाच्या मात्रा चार, दुसऱ्याच्या तीन. कागदावरही हा फरक डोळ्यांना दिसतो. ‘दर्या’मध्ये र चा रफार होऊन तो य च्या डोक्यावर बसतो. ‘दऱ्या’मध्ये तो पापणीच्या केसासारखी बारीक, वाकडी, आडवी रेघ होऊन य च्या आधी येतो.

पुढील पानांचा विषय ही रेघ आहे. एवढ्याशा रेघेसाठी पानेच्या पाने कशाला, असे वाटणे साहजिक आहे. त्याचे उत्तर पनवेलच्या तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेल्या कोणत्याही दस्तलेखकाच्या पडद्यावर सापडेल. त्याच्याकडे आलेल्या अर्जांत सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या शब्दांपैकी एक आहे ‘शेतकऱ्यांना’. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी पनवेल, उरण आणि ठाणे परिसरातल्या ९५ गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. त्याविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व दि. बा. पाटील यांनी केले. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरातल्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. नोटीस, हरकत, निवाडा, फेरफार, वारसनोंद अशा कागदांचा ढीग या तालुक्याने जेवढा पाहिला तेवढा फार थोड्या तालुक्यांनी पाहिला असेल. त्या प्रत्येक कागदात शेतकऱ्याला, शेतकऱ्याच्या, शेतकऱ्यांनी. प्रत्येक शब्दात तीच पापणीएवढी रेघ.

ही रेघ मराठीत हौसेने आलेली नाही, ती व्याकरणातून येते. री किंवा रा हे शेवटचे अक्षर असलेल्या नामाला प्रत्यय लागायची वेळ आली की ती जन्म घेते. दरीच्या दऱ्या होतात, वारा वाऱ्यावर जातो, किनारा किनाऱ्याला लागतो, कोपरा कोपऱ्यात जातो, अधिकारी अधिकाऱ्यांकडे अर्ज देतो. ह च्या आधीही ती असते: वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा, ऱ्हास. ती काढून रफार घातला तर शब्द नुसता अशुद्ध होत नाही, कधी कधी निराळाच होऊन बसतो. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटले तर गुरुजी येतील आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटले तर स्वयंपाक करणारे. लग्नघरात हा फरक महत्त्वाचा आहे.

हिंदीला या रेघेची गरज पडत नाही. कोकणीला, नेपाळीला आणि नेपाळ खोऱ्यातल्या नेवारीला पडते. पण देवनागरी म्हटले की बाहेरच्या जगाच्या नजरेसमोर आधी हिंदी येते, आणि या गोष्टीतल्या बऱ्याच घोळाचे मूळ तिथे आहे.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात हा प्रश्न नव्हता. जुळाऱ्याच्या केसमध्ये त्या रेघेचा खिळा असायचा, तो उचलून य च्या आधी लावला की काम झाले. खिळ्याची ओळख त्याच्या रूपातच होती. जे दिसते तेच अक्षर, आणि जे अक्षर तेच छापले जाते. संगणकाने रूप आणि ओळख यांची ताटातूट केली. संगणकाला र ठाऊक नसतो, त्याला एक क्रमांक ठाऊक असतो. त्या क्रमांकाला कोणते चित्र काढायचे ते फॉन्ट ठरवतो. त्यामुळे डोळ्याला एकच दिसणारे दोन शब्द आतून निरनिराळे असू शकतात. मराठीतल्या या अर्ध्या र चे नेमके तसेच झाले.

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून पक्की झाली, आयएस १३१९४ या क्रमांकाने. या लिप्या संगणकावर आणणाऱ्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाचे काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले आणि पुढे पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढले. इस्कीमागची कल्पना मोठी सुंदर होती. ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या लिप्यांचा सांगाडा एकच आहे, तेव्हा क वर्णाला सर्व लिप्यांत एकच संकेत द्यावा आणि लिपी बदलली की रूप बदलावे. पण तमिळमध्ये दोन र आहेत. दुसऱ्या, कडक र लाही जागा हवी होती. ती दिल्यावर देवनागरीतही त्या जागी काहीतरी दिसायला हवे, म्हणून र च्या खाली नुक्ता, म्हणजे ठिपका, देऊन ‘ऱ’ आला. मराठी मुलाला शाळेत हे अक्षर कोणी शिकवत नाही. पण इस्कीने मराठीची आडवी रेघ याच अक्षराच्या स्वाधीन केली: ऱ ला हलन्त लावून पुढे य जोडला की रेघ उमटेल. भारतीय लिप्यांच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर आजही तीच वाट आहे. शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य ची कळ. शिफ्ट दाबायची राहिली तर रफार येतो आणि दऱ्यांचा दर्या होतो.

जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाची पहिली आवृत्ती १९९१ सालचीच. तिने देवनागरीचा तक्ता इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या मसुद्यावरून घेतला. र ला ०९३० ही जागा मिळाली, ऱ ला ०९३१, ल ला ०९३२ आणि ळ ला ०९३३. मात्र १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत आडव्या रेघेसाठी निराळी वाट सांगितलेली होती. साधा र, त्याला हलन्त, आणि त्यापुढे एक अदृश्य चिन्ह. या चिन्हाचे नाव ‘झीरो विड्थ जॉइनर’, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. तो कागदावर उमटत नाही, पडद्यावर दिसत नाही. शेजारच्या अक्षराने कोणते रूप घ्यायचे याची फॉन्टला सूचना देणे एवढेच त्याचे काम. पुढे युनिकोडने इस्कीशी जुळवून घेत ऱ ची वाटही मान्य केली आणि जुन्या मजकुरासाठी जोडकाची वाटही चालू ठेवली. मानकाच्या पुस्तकात दोन्ही नियम शेजारी शेजारी छापलेले आहेत. एकाच रेघेचे दोन अधिकृत पत्ते झाले.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द ऱ वापरून लिहिला तर श, ए ची मात्रा, त, क, ऱ, हलन्त, य, काना, अनुस्वार, न, काना असे ११ संकेत होतात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणजे ३३ बाइट. जोडक वापरून लिहिला तर संकेत १२ आणि बाइट ३६. छापून दोन्ही कागद भिंगाखाली धरले तरी फरक सापडणार नाही. संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. एका कचेरीतल्या नोंदी एका पद्धतीने टंकल्या आणि दुसरीतल्या दुसऱ्या पद्धतीने, तर अक्षरशः जुळणी पाहणारी यादी एकाच माणसाच्या नावाच्या दोन नोंदी दाखवील, किंवा शोधलेले नाव ‘आढळले नाही’ म्हणून सांगेल. गोऱ्हे आडनावाच्या माणसाला विचारावे, किती अर्जांत त्याचे नाव आपल्याच नावाशी जुळले नाही.

संकेतांची एकरूपता साधण्यासाठी युनिकोडने नियम केलेले आहेत आणि त्यांचा थोडा उपयोग इथे होतो. र पुढे सुटा नुक्ता दिला तर तो आणि सबंध ऱ एकच मानले जातात आणि प्रमाणीकरणात ते एकत्र येतात. जोडकाची वाट या नियमांच्या कक्षेत येत नाही. ती वेगळी राहते, आणि युनिकोड आपले जुने दाखले मोडत नाही. एकदा दिलेला क्रमांक आणि नाव बदलायचे नाही हा त्याचा कडक दंडक आहे. त्यामुळे हा दुहेरी वारसा पुसून टाकणे आता कुणाच्याच हातात नाही.

जोडकाचा आणखी एक धोका आहे. तो दिसत नसल्यामुळे कोणीही तो बिनधोक काढून टाकतो. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना ‘अनावश्यक’ अदृश्य चिन्हे साफ करणारे प्रोग्राम असतात, आणि त्यांच्या लेखी हा जोडकही कचराच. तो गेला की रेघेचा रफार होतो आणि ‘शेतकर्यांना’ असा शब्द उरतो. बातम्यांच्या पडद्यावर, बसस्थानकातल्या फिरत्या अक्षरांत, मोबाइलवर आलेल्या सूचनांत मराठी वाचकाला हे रूप वारंवार दिसते आणि तो टंकणाऱ्याला दोष देतो. कित्येकदा टंकणाऱ्याने बरोबरच टंकलेले असते. संकेतस्थळांच्या नावांचे जुने, २००३ चे नियमही असेच जोडक गाळून टाकत. २०१४ साली देवनागरीत ‘.भारत’ हे क्षेत्रनाव सुरू झाले. जुने नियम पाळणाऱ्या प्रणालीत जोडक घालून लिहिलेल्या ‘दऱ्या’ची पाटी तिथे ‘दर्या’ म्हणूनच वाचली गेली असती.

हे दुखणे एकट्या मराठीचे नाही. कॅनडाच्या मूळ रहिवाशांपैकी क्री लोकांची एक अक्षरलिपी आहे. तिच्यात स्वर बदलला की नवे चिन्ह येत नाही, तेच चिन्ह दिशा बदलते. त्रिकोणाचे टोक वर असेल तर इ, खाली असेल तर ए, उजवीकडे असेल तर ओ आणि डावीकडे असेल तर अ. जेम्स इव्हान्स या इंग्रज मिशनऱ्याने १८४० मध्ये नॉर्वे हाउस या ठाण्यावर या लिपीत छपाई सुरू केली. चहाच्या पेट्यांच्या आतल्या शिशाच्या पत्र्यातून त्याने खिळे ओतले असे सांगतात. क्री परंपरा वेगळी कथा सांगते: ही लिपी कॉलिंग बॅजर नावाच्या त्यांच्याच एका माणसाला दैवी लोकातून मिळाली. मराठी वाचकाने थांबून पाहावे अशी गोष्ट पुढेच आहे. इव्हान्सच्या रचनेवर पिटमनच्या लघुलिपीबरोबर देवनागरीचाही प्रभाव होता, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. व्यंजन हा पाया आणि स्वर हा त्याचा विकार, ही देवनागरीची मूळ कल्पना बर्फाळ प्रदेशात त्रिकोणांच्या रूपाने उभी राहिली.

क्री आणि अशीच लिपी वापरणाऱ्या इतर भाषांची चिन्हे १९९९ च्या सप्टेंबरमध्ये युनिकोडच्या तिसऱ्या आवृत्तीत आली, सुरुवातीला ६३० जागांवर. तिथेही रूप आणि ओळख यांचा तंटा उभा राहिला. मैदानी क्रीत शब्दाच्या शेवटी येणाऱ्या ‘ह्क’ या उच्चारासाठी बारीक फुलीसारखे चिन्ह आहे. त्याची जागा १५७डी. क्रीचा पूर्णविरामही बारीक फुलीच, त्याची जागा १६६ई. ख्रिस्ताच्या नावाचे संक्षिप्त चिन्हही फुलीसारखे, ते १६६डी वर. इंग्रजी कळफलकावर फुलीसारखे एक रोमन अक्षर आहेच. टंकणाऱ्याला चारही सारख्याच दिसतात आणि हाताला जी लवकर सापडेल ती तो टंकतो. मग वाक्य कुठे संपले आणि शब्द कुठे संपला हे संगणकाला कळेनासे होते. पनवेलच्या दस्तलेखकाला ही अडचण समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत. अशाच लिपीत लिहिल्या जाणाऱ्या नात्तिलिक बोलीची काही अक्षरे तर २०२१ पर्यंत युनिकोडमध्ये नव्हतीच. चौदाव्या आवृत्तीत ती आली. म्हणजे एका समाजाला आपली भाषा आपल्या अक्षरांत पूर्ण टंकता यायला तिसऱ्या आवृत्तीनंतर आणखी बावीस वर्षे लागली.

मराठीलाही असे एक अक्षर उशिराच मिळाले. पनवेलच्या न्यायालयाच्या परिसरात वकिलांच्या पाट्या पाहत चालले की दर दोन पावलांवर ‘ॲड.’ दिसते. रंगाऱ्याने ब्रशने काढलेल्या पाटीवर अ वर चंद्र देणे सोपे होते. युनिकोडमध्ये मात्र २००८ पर्यंत ‘ॲ’ला स्वतःची जागा नव्हती. एप्रिल २००८ च्या ५.१ आवृत्तीत ती ०९७२ वर मिळाली आणि तक्त्यात शेजारी ‘मराठी’ अशी नोंद आली. तोपर्यंत लोकांनी आपापले मार्ग काढले होते. कोणी अ पुढे सुटा चंद्र टंकला, काही संगणकांवर तो ठिपक्यांच्या वर्तुळावर तरंगत राहिला. कोणी दोघांच्या मधे अदृश्य जोडक घातला. कोणी हिंदी वळणाने ए वर चंद्र काढून ‘ऍ’ लिहिला. मराठी वृत्तपत्रांच्या जुन्या मजकुरात हे सगळे प्रकार आजही तसेच पडून आहेत. एका वकिलाच्या नावाच्या चार आवृत्त्या.

राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि लिपी प्रमाणित केली, तेव्हा ॲ आणि ऑ यांना स्वरांत रीतसर स्थान मिळाले. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठी वळणाची रूपेही त्यातच पक्की झाली. ल आणि श यांची गोष्ट या अर्ध्या र च्या नेमकी उलट आहे. तिथे हिंदी आणि मराठी रूपे वेगळी असूनही क्रमांक एकच आहे. रूपाची निवड फॉन्टने मजकुराची भाषा पाहून करायची असते. ती सोय फॉन्टमध्ये असते, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ आहे हे संगणकाला सांगायचे कित्येकांना ठाऊकच नसते. मग मराठी पाठ्यपुस्तकात वाढलेल्या डोळ्यांना शेजारच्या राज्याचा ल दिसतो.

मोडीची हकीकत स्वतंत्र पुस्तकाची आहे. इथे एवढेच पुरे की अंशुमन पांडे यांच्या २०११ च्या प्रस्तावानंतर जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला ७९ अक्षरांसह जागा मिळाली. पनवेल परिसरातल्या ज्या घरांत जमिनीचे जुने मोडी कागद ट्रंकेत आहेत, त्यांना ते कागद मोडीतच टंकून ठेवणे आता शक्य आहे.

आता मूळ प्रश्न. आडव्या रेघेच्या दोन वाटांपैकी कोणती धरावी? या पानांचा कौल ऱ च्या बाजूने आहे आणि तो स्पष्ट सांगितलेला बरा. ऱ मुळात तमिळसाठी आला हे खरे आहे. त्याच्या नुक्त्याशी मराठीचा काही संबंध नाही हेही खरे. पण तो दिसतो. तो गाळला तर अक्षरच गळेल, म्हणून कोणताही प्रोग्राम त्याला कचरा समजत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्याची कळ आहे, इस्कीपासून त्याची परंपरा आहे, आणि इंटरनेटच्या मूळ क्षेत्रनावांसाठी देवनागरीचे जे नियम तयार झाले त्यांतही आडव्या रेघेसाठी याच अक्षराची निवड झाली. जोडकाची वाट सुरुवातीच्या काळात उपयोगी पडली, पण आता ती मोडीत काढायला हवी. वृत्तपत्रे, प्रकाशक, शासकीय कचेऱ्या आणि कळफलक बनवणारे यांनी मिळून एकदा हे ठरवावे, आणि जुना मजकूर हळूहळू एका वाटेवर आणावा. हे काम अवघड नाही. नुसते शोधा-आणि-बदला करणारा साधा प्रोग्रामही लाखो पाने तासाभरात एकसारखी करील. अडचण एवढीच की फरक दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची तक्रार कोणी करत नाही.

फरक पाहायचा असेल तर मात्र युक्ती आहे. दस्तलेखकाच्या पडद्यावर ‘शेतकऱ्या’ इतका शब्द टंकून ठेवावा आणि मागून एकेक कळ खोडत यावे. बहुतेक साध्या संपादकांत आधी काना जातो, मग य जातो. त्यानंतर कळ पुन्हा दाबावी. शब्द जोडकाने लिहिलेला असेल तर आधी तो अदृश्य जोडक जातो आणि र च्या पायाशी हलन्त दिसू लागतो. पुढच्या दाबात हलन्तही जातो आणि साधा ‘शेतकर’ उरतो. शब्द दुसऱ्या वाटेने आलेला असेल तर य नंतरच्या पहिल्याच दाबात हलन्त जातो, आणि रेघेत लपून बसलेला नुक्ता र च्या खाली उघडा उरतो.